तीन महिने झाले, तरी मी इथे परकीच का?

वर्षभराच्या एक्स्चेंजवर परदेशी विद्यापीठात गेलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "येण्याआधी वाटलं होतं, इथल्या लोकांसारखीच राहीन, स्थानिक मैत्रिणी होतील, वर्ष संपेपर्यंत भाषा अस्खलित येईल. आता तिसरा महिना संपत आला. हॉस्टेलच्या माझ्या मजल्यावर सगळे परदेशीच. दिवसभर इंग्रजी, संध्याकाळ आपल्याच देशातल्या मुलांबरोबर. वर्गातली इथली मुलं नीट बोलतात, पण तास संपला की निघून जातात. हल्ली कशातच मन लागत नाही. माझं काही चुकतंय का? आपल्या लोकांचा ग्रुप सोडून द्यावा का? आणि मुक्काम एका सेमिस्टरने वाढवला तर फरक पडेल का?"

तुमचं काही चुकत नाहीये, हे आधीच सांगून टाकते. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी विभागात काम करताना बाहेर जाणारे आणि बाहेरून येणारे असे दोन्हीकडचे विद्यार्थी मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हा प्रश्न घेऊन येणारी मुलं बहुतेक वेळा मनापासून काही मिळवायला आलेली असतात, म्हणूनच त्यांना तो इतका लागतो. तपासायची आहे ती तुमची अपेक्षा. तीसुद्धा सगळी नाही, तिच्या तळाशी असलेलं एकच गृहीतक: त्या देशात राहिलं की त्या समाजात आपोआप मिसळलं जातं.

हे गृहीतक कुठून आलं ते बघण्यासारखं आहे. १९२३ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाने आठ विद्यार्थी वर्षभरासाठी फ्रान्सला पाठवले. रेमंड कर्कब्राइड नावाच्या तरुण प्राध्यापकाची ती कल्पना. मुलं बोटीने गेली, आधी नॅन्सी शहरात त्यांनी फ्रेंच पक्कं केलं, मग पॅरिसला सोर्बोनमध्ये शिकली आणि फ्रेंच कुटुंबांत राहिली. घरचं पत्र समुद्र ओलांडून यायचं. लोकांत मिसळण्यावाचून त्यांना गत्यंतरच नव्हतं. परदेशी शिक्षणाच्या माहितीपत्रकांतून आजही जे चित्र दाखवलं जातं, ते मुळात त्या काळातलं आहे. १९८७ मध्ये युरोपात विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची इरॅस्मस योजना सुरू झाली तेव्हा ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. आज तो आकडा दरवर्षी लाखांत असतो. एवढ्या मुलांची व्यवस्था लावायची म्हणून विद्यापीठं त्यांना वेगळं हॉस्टेल देतात, इंग्रजीतून चालणारे वेगळे कोर्स काढतात, त्यांच्यासाठी वेगळा ओरिएंटेशनचा आठवडा ठेवतात, वेगळे व्हॉट्सॲप ग्रुप करतात. यातली एकेक सोय चांगल्या हेतूने केलेली असते. पण सगळ्या मिळून होतं असं की नवा आलेला माणूस पहिल्या दिवसापासून नव्या आलेल्यांतच राहतो. तुम्ही ज्या कोंडीचं वर्णन केलंय ती या व्यवस्थेतून आली आहे. तुमच्या स्वभावाचा त्यात काही दोष नाही.

दुसऱ्या बाजूने वर्गातल्या स्थानिक मुलांकडे बघा. त्यांची मित्रमंडळी शाळेपासूनची. अनेकांचं घर त्याच शहरात किंवा तासाभराच्या अंतरावर. संध्याकाळी काम असतं, शनिवार-रविवार आधीच ठरलेले असतात. काही महिन्यांनी निघून जाणाऱ्या माणसाशी नव्याने मैत्री करायची तर त्यांना काही कारण लागतं, आणि कॉरिडॉरमधल्या दोन मिनिटांच्या गप्पांतून ते मिळत नाही. हा तुसडेपणा नाही. तुम्ही तुमच्या गावी असताना तुमच्या वर्गात आलेल्या परदेशी विद्यार्थ्याला किती वेळा भेटला असतात, हे स्वतःला विचारलंत तर त्यांचं वागणं लगेच कळेल.

आपोआप मिसळण्याच्या त्या गृहीतकावर, भाषेच्या बाबतीत, एक नेमका अभ्यास आहे. बार्बरा फ्रीड, नॉर्मन सेगालोविट्झ आणि डॅन ड्यूई यांनी २००४ मध्ये तो प्रसिद्ध केला. फ्रेंच शिकणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांचे त्यांनी तीन गट तपासले. एक गट आपल्याच विद्यापीठात नेहमीच्या तासांना बसणारा, दुसरा एका सेमिस्टरसाठी पॅरिसला गेलेला, आणि तिसरा अमेरिकेतच उन्हाळी निवासी वर्गात राहिलेला, जिथे सगळा व्यवहार फ्रेंचमध्येच करायचा असतो. बोलण्याच्या ओघात सर्वांत पुढे गेला तो तिसरा गट. पॅरिसला गेलेल्यांनी आपल्या आठवड्याचा हिशोब दिला तेव्हा दिसलं की वर्गाबाहेर ते फ्रेंचपेक्षा इंग्रजीच जास्त वापरत होते. गट लहान होते, त्यामुळे यावरून पॅरिसला जाऊच नये असा निष्कर्ष कुणी काढू नये. पण शहर आपलं काम आपोआप करत नाही, एवढं त्यातून लख्ख दिसतं. अमेरिकेच्या व्हर्माँट राज्यात मिडलबरी इथे १९१५ पासून उन्हाळी भाषाशाळा चालतात. वर्ग संपेपर्यंत शिकायच्या भाषेतच बोलेन, अशी लेखी प्रतिज्ञा तिथे विद्यार्थी करतात. ती पाळली जाते याचं मोठं कारण म्हणजे आजूबाजूच्या प्रत्येकाने तीच प्रतिज्ञा केलेली असते. तुम्हाला अख्ख्या शहराकडून असं काही करून घेता येणार नाही. आठवड्यातल्या काही तासांपुरती तशी जागा मात्र शोधता येते, आणि माझ्या मते उरलेल्या वर्षाचं खरं काम तेच आहे.

त्याआधी तुमच्या मनःस्थितीबद्दल बोलू. कल्चर शॉकच्या त्या प्रसिद्ध पायऱ्या तुम्ही ओरिएंटेशनमध्ये ऐकल्या असतील: आधी मधुचंद्र, मग घसरण, मग सावरणं, शेवटी रुळणं. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९५४ मध्ये रिओ दी जानेरोतल्या एका महिला मंडळापुढे दिलेल्या भाषणातून ही मांडणी सर्वदूर पोचली. पुढच्याच वर्षी स्वेर्रे लिसगार्ड यांनी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या सुमारे २०० नॉर्वेजियन लोकांच्या मुलाखतींवरून इंग्रजी 'यू' अक्षरासारखी वक्ररेषा मांडली. सहा महिन्यांहून कमी किंवा अठरा महिन्यांहून जास्त राहिलेले लोक मधल्या मुदतीच्या लोकांपेक्षा जास्त रुळलेले दिसले. यात एक मेख आहे. लिसगार्ड यांनी त्याच माणसांचा महिनोन्‌महिने पाठपुरावा केला नव्हता. वेगवेगळ्या मुदतीसाठी राहिलेल्या वेगवेगळ्या माणसांची ती तुलना होती. पुढे कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमध्ये आलेल्या जपानी विद्यार्थ्यांना उतरल्या दिवसापासून वर्षभर पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले. १९९८ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात सर्वांत जास्त त्रास अगदी सुरुवातीला दिसला. मधुचंद्र कुठे दिसलाच नाही.

हे एवढं सांगण्याचं कारण असं की ती वक्ररेषा डोक्यात ठेवून मुलं स्वतःला मोजत बसतात. 'चौथ्या महिन्यात वर यायला हवं होतं, मी अजून खालीच कशी?' प्रत्येकाचा आलेख वेगळा असतो आणि एकाच माणसाचा आलेखही सरळ नसतो. परीक्षा, कमी होत जाणारा दिवसाचा उजेड, घरून आलेली एखादी बातमी, रूममेटशी वाद, या सगळ्यांनी तो हलतो. तेव्हा मन लागत नसलं तरी त्यावरून स्वतःला नापास करू नका. पण दोन आठवडे सलग झोप लागत नसेल, जेवण सुटलं असेल, खोलीबाहेर पडणं नकोसं झालं असेल, तर रुळण्याची वाट पाहत थांबू नका. विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात वेळ घ्या. आणि कुणी तुमच्या रंगावरून, धर्मावरून, उच्चारावरून अपमान करत असेल, तर ते सांस्कृतिक फरक म्हणून गिळायचं नसतं. त्याची तक्रार करायची असते. जुळवून घेण्याच्या नावाखाली असले प्रकार सोसणारी मुलं मी पाहिली आहेत आणि दर वेळी वाटलं आहे की यांना हे कुणीतरी आधीच स्पष्ट सांगायला हवं होतं.

आता मैत्रीचा हिशोब. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी नव्या ठिकाणी राहायला गेलेले प्रौढ आणि विद्यापीठात नुकतेच दाखल झालेले विद्यार्थी यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला एकत्र घालवलेले साधारण ५० तास लागतात, मित्र म्हणावं इथपर्यंत यायला ९० च्या आसपास, आणि जिवलग व्हायला २०० च्या वर, असा त्यांचा अंदाज. शिवाय वर्गात किंवा कामावर शेजारी बसल्याचे तास फारसे उपयोगी पडत नाहीत; मोकळ्या वेळेतले तास लागतात. हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत, पण तुमच्या परिस्थितीला लावून बघा. वर्गातल्या एखाद्या मुलीशी तासाच्या आधी-नंतर मिळून आठवड्याला वीस मिनिटं गप्पा होत असतील, तर तीन महिन्यांत जेमतेम चार-पाच तास झाले. मैत्री होण्याइतका वेळ अजून गेलेलाच नाही! उलट दर आठवड्याला तीन तासांचा एखादा उपक्रम आणि त्यानंतर तासभर त्याच लोकांबरोबर रेंगाळणं, असं धरलं तर तेरा आठवड्यांत ५२ तास होतात. म्हणजे एका सेमिस्टरमध्ये साध्या मैत्रीपर्यंत पोचता येतं, आणि वर्षाअखेरीस दोन-तीन खरे मित्र मिळाले तर वर्ष फार चांगलं गेलं म्हणायचं. 'स्थानिक मैत्रिणींचा ग्रुप' ही अपेक्षा इथपर्यंत आणलीत तर ती गाठता येण्यासारखी होते.

पण नुसते तास पुरत नाहीत. त्या जागेत तुम्हाला काहीतरी काम असावं लागतं, ज्यासाठी दुसऱ्यांना तुमच्याकडे यावं लागेल. एक मुलगा मला चांगला आठवतो. भाषा जेमतेम, स्वभाव अबोल. तो गावातल्या हौशी गायकांच्या वृंदात जायला लागला. हा विद्यापीठाचा वृंद नव्हता, तिथे निवृत्त माणसं होती, दुकानदार होते, एक-दोन शिक्षक होते. पहिले काही आठवडे नमस्काराच्या पुढे कुणी बोललं नाही आणि तो सोडून द्यायच्या बेतात होता. सरावाआधी घडीच्या खुर्च्या अर्धवर्तुळात मांडायचं काम एक वयस्कर गृहस्थ करायचे. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा याने हात वर केला. त्याच्या हाती हॉलची किल्ली आली. पुढच्या आठवड्यापासून लवकर येणारी माणसं दारात त्याची वाट बघत उभी राहू लागली. उशीर होणार असेल तर त्याला फोन करू लागली. पुरुषांच्या आवाजाला किती खुर्च्या, पियानो किती पुढे ओढायचा, मधली वाट कुठे सोडायची, मागची खिडकी कशी अडकते, हे त्याला विचारू लागली, आणि त्याला उत्तरं द्यावी लागली. भाषा त्याने त्या खुर्च्यांमध्ये शिकली. ते गृहस्थ बरे होऊन परत आले, पण किल्ली त्याच्याकडेच राहिली. सरावानंतर दोघं मिळून आवराआवर करत. वसंतात त्यांनी त्याला घरी बोलावलं. आधी कुणी बोलत नव्हतं तेव्हाही माणसं वाईट नव्हती. त्यांना त्याच्याशी बोलायचं काही निमित्त नव्हतं, एवढंच.

तेव्हा जागा निवडताना चार गोष्टी बघा: दर आठवड्याला तीच माणसं येतात का, माणसं मोजकी आहेत का, तिथे स्थानिक भाषा सहज चालते का, आणि काही महिन्यांत तुमच्यावर एखादी जबाबदारी येऊ शकेल का. खेळाचा संघ, वाद्यवृंद, नाटकाचा गट, गिर्यारोहण क्लब, प्राण्यांचं आश्रयगृह, वाचनालयातलं स्वयंसेवी काम, काहीही चालेल. तुम्हाला त्या गोष्टीची खरी आवड असावी, कारण पहिले दीड-दोन महिने केवळ आवडीवरच काढावे लागतात. जपानी विद्यापीठांत विद्यार्थ्यांचे क्लब आणि सर्कल (म्हणजे क्लबपेक्षा सैलसर हौशी गट) यांनाच सामाजिक आयुष्यात मोठी जागा असते. तिथे सहसा शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला, एप्रिलमध्ये भरती होते आणि ती वेळ हुकली की आत शिरणं अवघड जातं. म्हणून तुमच्या विद्यापीठात नव्या सभासदांना कधी घेतात हे आजच विचारा. परदेशी विद्यार्थ्यांसाठी भरवलेल्या पार्ट्या आणि सहली मजेच्या असतात, जरूर जा, पण त्यातून स्थानिक माणसं भेटतील अशी आशा ठेवू नका. अर्धवेळ नोकरीचा याबाबतीत फार उपयोग होतो, मात्र व्हिसावर कामाच्या तासांची मर्यादा असते आणि ती देशागणिक वेगळी असते, तेव्हा आधी कागद नीट वाचा.

हॉस्टेल सोडून एखाद्या कुटुंबात राहायला जावं का, हेही पुष्कळ जण विचारतात. अमेरिकेत मायकल व्हँडे बर्ग आणि सहकाऱ्यांनी सुमारे १,३०० विद्यार्थ्यांचा मोठा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला, जॉर्जटाउन कन्सॉर्शियम या नावाने तो ओळखला जातो. नुसतं कुटुंबात राहण्याने विशेष फरक पडलेला त्यात दिसला नाही. त्या कुटुंबाबरोबर खरोखर वेळ घालवणाऱ्यांना फायदा झाला. दार लावून खोलीत बसायचं असेल तर घर काय आणि हॉस्टेल काय. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. परक्या संस्कृतीची समज ज्यांची वाढली, त्यांच्याजवळ बहुधा कुणीतरी जाणतं माणूस होतं, ज्याच्याशी अनुभवांबद्दल वेळोवेळी बोलता येत होतं. नुसता अनुभव येऊन पुरत नाही. त्याचा अर्थ लावायला कुणाची तरी मदत लागते.

अशी मदत किती बारीक गोष्टींत लागते ते बघा. जर्मन विद्यापीठाच्या वेळापत्रकात '१० सी.टी.' असं लिहिलेलं असतं. म्हणजे तास सव्वादहाला सुरू होणार. 'एस.टी.' असेल तर दहाच्या ठोक्याला. हे ठाऊक नसलेला विद्यार्थी दहाला रिकाम्या वर्गात जाऊन बसतो, नाहीतर परीक्षेला पंधरा मिनिटं उशिरा पोचतो. तिथल्यांना ही गोष्ट इतकी सवयीची असते की सांगायचं सुचतच नाही. गुणांचं तसंच. फ्रान्समध्ये गुण २० पैकी देतात, १० ला पास आणि १६ म्हणजे उत्तमच. ब्रिटनमध्ये ७० ला प्रथम श्रेणी. जर्मनीत १.० सर्वांत चांगला आणि ४.० काठावर पास. डेन्मार्कच्या सात पायऱ्यांत सर्वांत वर १२ आणि सर्वांत खाली उणे ३. आयुष्यभर नव्वदीत राहिलेली मुलं पहिल्या निबंधावर ६२ बघून खचतात आणि प्राध्यापकांना आपण आवडत नाही असं धरून चालतात. खरं तर तो चांगला निबंध असतो. वर्गात प्रश्न न विचारणं कुठे आदर समजला जातो, कुठे तयारी नसल्याची खूण. असं काही खटकलं की त्या देशातल्याच पण थोड्या वडीलधाऱ्या माणसाला विचारावं. ट्यूटर, ग्रंथपाल, आंतरराष्ट्रीय कार्यालयातलं कुणी, किंवा परदेशात वर्षभर राहून परत आलेली तिथली मुलं. या शेवटच्या मुलांना सगळे विसरतात. ती स्वतः परकी म्हणून राहून आलेली असतात, त्यामुळे तुम्हाला काय समजत नसेल हे त्यांना आपसूक कळतं.

आपणच लगेच अर्थ लावून मोकळं होण्याची सवय मात्र मोडावी लागते. तुम्ही लिहिलंय, मुलं तास संपला की निघून जातात. एवढं तुम्ही पाहिलंत. 'त्यांना माझ्यात रस नाही' हा त्यावर लावलेला अर्थ, आणि 'इथली माणसं थंड आहेत' हा निवाडा. आंतरसांस्कृतिक प्रशिक्षणात हे तीन थर वेगळे लिहून काढण्याचा साधा सराव करून घेतात: काय दिसलं, त्याचा मी काय अर्थ लावला, मला त्याबद्दल काय वाटलं. मधल्या थरात एकाऐवजी तीन अर्थ लिहायचे. बस चुकेल, कामाची पाळी असेल, किंवा निरोप घेताना रेंगाळण्याची तिथे रीतच नसेल. मग त्यातला कोणता खरा, हे एखाद्याला सरळ विचारायचं. वहीत आठवड्याला एक प्रसंग लिहिलात तरी वर्षाअखेरीस तो देश तुम्हाला बराच कळलेला असेल.

आपल्या देशातल्या मुलांचा ग्रुप? सोडू नका. स्टीफन बॉक्नर आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये हवाईतल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून दाखवलं की अशा विद्यार्थ्याची माणसं तीन वर्तुळांत असतात. आपल्या देशातली माणसं आधार देतात आणि आपली ओळख टिकवतात. स्थानिक माणसांमुळे शिक्षण आणि व्यवहार सोपे होतात. इतर देशांतून आलेल्यांबरोबर विरंगुळा मिळतो. एका वर्तुळाचं काम दुसऱ्याकडून करून घेता येत नाही. आजारी पडल्यावर रात्री दोनला कुणाचं दार वाजवाल, याचा विचार करा. मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांची मांडणीही याच दिशेची आहे: आपलं सोडून देणारे किंवा आपल्यातच बंद राहणारे यांच्यापेक्षा दोन्हींशी नातं ठेवणारे सहसा जास्त सुखाने राहतात. हट्टाने स्वतःला तोडून घेणारी मुलं सहाव्या-सातव्या महिन्यात फार एकटी पडलेली मी पाहिली आहेत. ग्रुपला संध्याकाळ ठरवून द्या, सातही संध्याकाळी देऊ नका. एखाद्या मैत्रिणीबरोबर स्थानिक भाषेतच बोलण्याचा एक ठरावीक वेळ ठेवलात तर मिडलबरीच्या प्रतिज्ञेची छोटी आवृत्ती घरच्या घरी तयार होते. घरी होणाऱ्या व्हिडिओ कॉललाही हाच न्याय लावा. रोज दोन तास मन तिकडे आणि शरीर इकडे असेल तर दोन्ही ठिकाणी तुम्ही अर्ध्याच असता.

'वर्षात अस्खलित' या अपेक्षेबद्दल थोडं स्पष्ट बोलते. जाताना पातळी काय होती यावर खूप अवलंबून असतं. १९८४ ते १९९० या काळात रशियात शिकायला गेलेल्या साडेसहाशेवर अमेरिकन विद्यार्थ्यांचा रिचर्ड ब्रेख्ट, डॅन डेव्हिडसन आणि राल्फ गिन्सबर्ग यांनी अभ्यास केला. ज्यांचं व्याकरण आणि वाचन निघण्यापूर्वी पक्कं होतं त्यांची प्रगती जास्त झाली. तेव्हा 'भाषा लोकांत राहून येते, व्याकरणाचा वर्ग कशाला' असं म्हणत वर्ग सोडू नका. तुम्ही दोन मोडकी वाक्यं बोलताच समोरचा इंग्रजीवर येत असेल, तर 'मला सराव करायचा आहे, थोडं हळू बोलाल का' हे एक वाक्य त्यांच्याच भाषेत तोंडपाठ करून ठेवा आणि न लाजता वापरा. बहुतेक माणसं आनंदाने ऐकतात. दुकानात गर्दीच्या वेळी मात्र हा आग्रह धरू नये, मागच्या रांगेचाही विचार करावा.

राहिला मुक्काम वाढवण्याचा प्रश्न. आत्ता, मन उदास असताना, ठरवू नका. तेच हॉस्टेल, तेच इंग्रजी कोर्स, त्याच संध्याकाळी असतील तर आणखी सहा महिन्यांत याहून वेगळं काही होणार नाही. पुढच्या सेमिस्टरच्या मध्यापर्यंत एखाद्या ठिकाणी तुमची जागा तयार झाली असेल, निघून जाताना तिथलं काही अर्धवट राहणार असेल, तर वाढवणं सार्थकी लागेल. अशा वेळी जमलं तर निदान एक कोर्स स्थानिक भाषेतून घ्या, खोलीही बदलून बघा. वाढवता येतंच असं नाही, हेही लक्षात घ्या. इरॅस्मसमध्ये शिक्षणाच्या एका टप्प्यात, म्हणजे पदवीच्या किंवा पदव्युत्तरच्या, एकूण बारा महिन्यांची कमाल मर्यादा आहे. इतर योजनांचे आपापले नियम असतात. दोन्ही विद्यापीठांची लेखी मान्यता, क्रेडिट धरले जातील याची खात्री, शिष्यवृत्ती, निवास परवाना आणि खोली, एवढ्या गोष्टी जुळाव्या लागतात. यांच्या मुदती बहुधा निर्णय घेण्याआधीच निघून जातात. म्हणून या आठवड्यात दोन्हीकडच्या कार्यालयांना मेल करून फक्त शेवटच्या तारखा मागवून घ्या. निर्णय नंतर घेता येईल.